फॉस्टर केअर: मुलासाठी घर निवडतात कसं?

फॉस्टर केअर म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "म्हणजे दत्तकच ना?" नाही. दत्तक गेलेलं मूल नाव, वारसा सगळ्यासकट कायमचं त्या घरचं होतं. फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी मराठीतल्या प्रतिपालकत्वात, मूल काही महिने किंवा काही वर्षं दुसऱ्या कुटुंबात राहतं. जन्मदात्यांचं नातं तुटलेलं नसतं. परिस्थिती सुधारली तर मुलानं आपल्या घरी परत जावं, असंच कायद्यालाही अपेक्षित आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये हे सगळं आहे.

महाराष्ट्रात बाल संगोपन हे नाव जास्त ओळखीचं. सावित्रीबाई फुले यांच्या नावानं चालणाऱ्या या योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. पण ते पैसे बहुतेक वेळा विधवा आईकडे, आजीकडे, मामाकडे जातात. मूल आधीपासून जिथं आहे तिथंच. अनोळखी घर निवडायचा प्रश्नच तिथं येत नाही. तो येतो तेव्हा काय होतं, हे या लेखात पाहू.

एक उदाहरण धरून चालू. ते काल्पनिक आहे, पण अशा कहाण्या बालगृहांना नव्या नाहीत. बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची अकरा वर्षांची मुलगी आणि तिचा सात वर्षांचा भाऊ. आई वारली. ऊसतोडीला जाणारा बाप एका मारामारीच्या गुन्ह्यात तीन वर्षांची शिक्षा भोगतोय. आजी आहे, पण तिलाच कुणीतरी भाकरी करून घालावी अशी तिची अवस्था. मुलं बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या अधिकृत समितीपुढे आली आणि मुलगी मुलींच्या बालगृहात, मुलगा मुलांच्या बालगृहात गेला. बालगृहं सहसा अशी वेगवेगळीच असतात. म्हणजे आई वारल्यावर आणि बाप तुरुंगात गेल्यावर सोबत उरलेलं एकमेव माणूसही दोघांपासून लांब गेलं. या दोघांना एका छपराखाली ठेवायचं तर एखादं कुटुंबच शोधावं लागणार.

आता दोन कुटुंबं तयार आहेत असं समजू. एक छत्रपती संभाजीनगरातलं: तीन खोल्यांचा फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मूल नाही, अत्यंत सज्जन माणसं. दुसरं अंबाजोगाईतलं: दोन खोल्या, नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, बायको शिवणकाम करते, त्यांची स्वतःची मुलगी बारा वर्षांची.

तुम्ही कोणतं निवडाल? बहुतेक जण फ्लॅटकडे बोट दाखवतील. मी या क्षेत्रातल्या लोकांचं काम जितकं पाहिलं-वाचलं, त्यातून कळलेली गोष्ट अशी की ते कुटुंबांचे नंबर लावत बसत नाहीत. त्यांचा प्रश्न असतो: या मुलाला आज जे लागतंय ते या घराला झेपेल का? आणि जे झेपणार नाही ते कोण उचलणार? घराची निवड या दोन प्रश्नांवर होते. म्हणून सुरुवात कुटुंबांच्या यादीपासून होत नाही, मुलापासून होते.

मुलाचा अहवाल तयार करणारी व्यक्ती जिल्हा बाल संरक्षण कक्षातली (जिल्ह्यात बालसंरक्षणाचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयातली) समाजकार्यकर्ती असते किंवा एखाद्या संस्थेची. वय, शिक्षण, आजार हे रकाने भरायला अर्धा तास पुरतो. खरं काम त्यानंतरचं. मूल झोपतं कसं, दचकून उठतं का? अंथरूण ओलं होतं का? ताटातली चपाती खिशात लपवतं का? उपाशी राहिलेली मुलं असं करतात, पुढचं जेवण मिळेल यावर त्यांचा विश्वास नसतो. राग आला की ओरडतं की मुकं होतं? दुखलंखुपलं तर कुणाकडे धावतं? आपल्या उदाहरणातली मुलगी कुणाकडेच धावत नाही. दोन वर्षं तीच घर चालवत होती, भावाला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडत होती. बालगृहातल्या मावशी तिला "किती समजूतदार पोर" म्हणतात. अनुभवी कार्यकर्ती मात्र इथं थबकते. अकरा वर्षांच्या पोरीचा हा शहाणपणा म्हणजे तिनं फार लवकर उचललेलं ओझं आहे. तिला घर हवं ते तिच्याकडून हे ओझं हळूहळू काढून घेणारं. हिसकावून घेणारं नव्हे, कारण भावाची आई असणं ही तिची सगळ्यात मोठी ओळखही आहे.

मुलाला थेट "तुला कसं घर हवं?" विचारून फारसं हाती लागत नाही. मुलं मोठ्यांना आवडेल ते बोलतात. म्हणून चित्रं वापरतात. न्यूझीलंडमधून आलेली एक साधी पद्धत आहे: कागदावर तीन घरं काढायची. एका घरात आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी, दुसऱ्यात भीती-काळज्या, तिसऱ्यात स्वप्नं. काळज्यांच्या घरात एखादं मूल माणूसच काढतं आणि नाव सांगत नाही. हाही अहवालाचा भाग होतो. मुलाचं म्हणणं ऐकणं ही काही मेहेरबानी नाही. वय आणि समज लक्षात घेऊन मुलाच्या मताला वजन द्यायचं, हे कायद्याच्या मूलतत्त्वांमध्येच लिहिलेलं आहे.

अनोळखी घराआधी एक पायरी येते, ती नातेवाइकांची. इंग्लंडच्या कायद्यात तर पालकांकडे ठेवता येत नसेल तर प्राधान्य नातलगांना आणि ओळखीच्यांना, असंच आहे. आपल्याकडे मामा-मावशी हे न बोलता करतच आले. पण रक्ताचं नातं आहे म्हणून चौकशी टाळायची नसते. मामा जीव लावतो, पण मामीला विचारलंय का? बाप सुटून आला आणि दारात उभा राहिला तर मामा त्याला थोपवू शकेल का? आणि मुलाच्या नावावर काही पैसा किंवा जमीन आहे का? कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे महाराष्ट्र सरकारनं पाच लाखांची ठेव जाहीर केली, केंद्रानं दहा लाखांची तरतूद केली. मदत योग्यच होती. पण अशा मुलाला मागायला दोन काका एकदम आले, तर माया कुणाची आणि डोळा कशावर, हे पाहणं कार्यकर्तीच्या वाट्याला येतं.

आपल्या भावंडांची मावशी पुण्याकडे बांधकामावर आहे, पत्ता दर चार महिन्यांनी बदलतो. तिची इच्छा आहे, पण शाळा टिकणार नाही. ती राहू द्या संपर्कात. घर दुसरं शोधावं लागेल.

कुटुंबाची पात्रता नियमांत दिली आहे आणि तो भाग सोपा. भारतीय नागरिकत्व, गुन्हेगारी पार्श्वभूमी नाही, घरातल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी, पुरेशी जागा, खर्च भागेल इतकं उत्पन्न. केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तींनाही दार उघडलं; एकट्या स्त्रीला मुलगा-मुलगी कुणीही ठेवता येतं, एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगा. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर हवा. मूल साधारण सहा वर्षांच्या पुढचं असतं. २०१६ च्या आदर्श नियमांमध्ये आणखी एक अट आहे, ती मला फार आवडते: त्या कुटुंबाचे मित्रांशी, शेजाऱ्यांशी जिव्हाळ्याचे संबंध हवेत. लिहिणाऱ्यानं कधीतरी चाळीत दिवस काढले असावेत.

कागद जुळले की गृहभेटी सुरू होतात आणि कायद्यातल्या एका शब्दाची खरी परीक्षा होते. कलम ४४ म्हणतं की कुटुंबाची निवड त्याची कुवत, क्षमता, हेतू आणि मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव पाहून करावी. यातला हेतू पारखायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

लोक का पुढे येतात? कुणाला मूल नसतं. कुणाला एकुलत्या एका लेकीला सोबत हवी असते. कुणाला पुण्य मिळवायचं असतं. कुणी स्वतःच मामाच्या घरी वाढलेलं असतं आणि त्याची फेड करायची असते. यातलं काहीच मुळात वाईट नाही. पण प्रत्येक हेतू मुलाकडून काहीतरी मागतो आणि ते देणं मुलाला शक्य आहे का, ते पाहावं लागतं. पुण्यासाठी आलेल्या घराला कृतज्ञता हवी असते. दुखावलेलं मूल पहिलं वर्षभर कृतज्ञ वगैरे नसतं. सोबत हवी असलेल्या घरात दोन मुलींचं पटलं नाही, तर कोणती आधी घराबाहेर जाईल हे सांगायला नको. आणि काही हेतू तर सरळ धोक्याचे. तेरा-चौदा वर्षांची मुलगीच हवी असा हट्ट, स्वयंपाक येतो का ही पहिली चौकशी, शाळेबद्दल अवाक्षर नाही: हे घर मूल शोधत नसतं, बिनपगारी मोलकरीण शोधत असतं. इथं अर्ज थांबवायचा असतो. चांगले कार्यकर्ते तो थांबवतात आणि कारण लेखी ठेवतात.

म्हणून गृहभेटीतले प्रश्न थोडे आडवळणाचे असतात. तुम्हा दोघांचं शेवटचं भांडण कशावरून झालं आणि मिटलं कसं? तुम्हाला लहानपणी मार बसला का, आणि आता त्याबद्दल काय वाटतं? पोरानं तुमच्या पाकिटातून शंभर रुपये काढले तर त्या दिवशी नेमकं काय कराल? "आम्ही कधी भांडतच नाही" हे उत्तर ऐकून कार्यकर्ती खूश होत नाही. भांडून मिटवता येणारं घर तिला अधिक भरवशाचं वाटतं. घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलणं होतं: सासूशी, पोटच्या मुलांशी, माळ्यावर राहणाऱ्या दिराशीसुद्धा. मूल नुसत्या नवरा-बायकोकडे राहायला येत नाही, अख्ख्या घरात येतं.

संभाजीनगरच्या जोडप्याशी तिसऱ्या भेटीत बोलताना बाई सहज म्हणतात, "एकदा इकडे आली की मागचं सगळं विसरतील पोरं." या वाक्यावर निर्णय जवळजवळ होऊन जातो. तीन वर्षांनी बाप सुटणार आहे. समितीनं मनाई केली नाही तर तोवर मुलांना त्याला भेटवायचं आहे, आजीशी बोलू द्यायचं आहे. समितीनं सांगितलं की मूल परत द्यावं लागेल, हे कुटुंबाला लेखी मान्य करावं लागतं. या जोडप्याला मूल आपलं म्हणून हवं आहे आणि त्यांची ती इच्छा खरी आहे. त्यांचा रस्ता दत्तकाचा. ही भावंडं त्यांच्याकडे गेली तर तीन वर्षांनी दोन्ही बाजूंचा जीव तुटेल. त्यांना नकार देणं म्हणजे ते नापास झाले असं नव्हे, हे त्यांना नीट समजावणं हेही कामाचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वात कमी शिकवला जाणारा.

इथं २०२४ च्या सूचनांनी एक गुंता वाढवला आहे. मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं असेल, तर प्रतिपालक कुटुंबाला ते दत्तक घेण्यासाठी आता पूर्वीच्या पाचऐवजी दोनच वर्षं थांबावं लागतं. ज्या मुलांना परतायला घरच नाही त्यांच्यासाठी हे चांगलंच झालं. पण दत्तकाच्या लांबलचक यादीत ताटकळणारी जोडपी या दारानं येऊ लागतील, असं मला वाटतं. ज्याचा बाप जिवंत आहे, ज्याची आजी वाट पाहतेय, अशा मुलाच्या बाबतीत हेतूची चौकशी आता जास्तच बारकाईनं करावी लागेल.

अंबाजोगाईचं घर मग आपोआप जिंकतं का? नाही. आता गरज आणि घर शेजारी शेजारी मांडतात. इंग्लंडमध्ये यासाठी रीतसर तक्ता करतात: एका बाजूला मुलाची प्रत्येक गरज, दुसरीकडे कुटुंब काय देऊ शकतं, आणि तिसरीकडे उरलेली फट कशानं बुजवणार. आपल्याकडच्या अहवालात रकाने वेगळे असले तरी विचार हाच करायचा.

पैसा कमी आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून प्रतिपालकत्वासाठी मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात, त्यानं फरक पडतो. पण रक्कम वेळेवर हातात पडते का, याकडे कक्षाला लक्ष ठेवावं लागेल. या घराला दोन महिन्यांची थकबाकी पेलणार नाही. जागा दोन खोल्यांची; मुलींना आतली खोली, मुलगा बाहेरच्या खोलीत मोठ्यांसोबत, हे जमण्यासारखं आहे.

अवघड आहे ते दोन मुलींचं वय. अकरा आणि बारा. स्वतःचं मूल आणि आलेलं मूल एका वयाचं असलं की खटके उडण्याची शक्यता वाढते, हे ब्रिटनमधल्या जुन्या अभ्यासांपासून सांगितलं जातंय. शाळा एक, वर्ग जवळजवळ एक, कपडे कुणाचे जुने आणि कुणाचे नवे. म्हणून कार्यकर्ती त्या बारा वर्षांच्या मुलीशी एकटीशी बोलते. ती म्हणते, "माझं कपाट देणार नाही, पण खोली देईन." हे उत्तर सोन्यासारखं आहे. मुलीला सीमा आखता येते आणि आईबाप तिचं ऐकतात, एवढं त्यातून कळतं. दुसरं कपाट आणायचं ठरतं.

भाषेचंही आहे. भावंडं आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, घर मराठी. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, विसाव्या कलमात सांगितलंय की मुलाला दुसरीकडे ठेवताना त्याच्या संगोपनात खंड पडू नये आणि त्याचा धर्म, संस्कृती, भाषा यांचा विचार व्हावा. वाक्य मोठं भारदस्त आहे, पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ रविवारी आजीला फोन, वर्षातून दोनदा तांड्यावर जाणं, आणि पोरं आपसात गोरमाटी बोलली तर "मराठीत बोला" असं कुणी दटावणार नाही याची हमी.

जातीचा प्रश्नही येतो. आपल्याकडे तो न येता राहीलच कसा? काही कुटुंबं पहिल्याच भेटीत "मूल कोणाचं?" विचारतात आणि त्यांना आईबापाचं नाव नको असतं, जात हवी असते. त्यावर भाषण देऊन काही होत नाही. खऱ्या प्रश्नाकडे यायचं: हे मूल तुमच्या चुलीपाशी येईल का? देवघरात? लग्नाला पाहुण्यांमध्ये नेताना त्याची ओळख काय करून द्याल? उत्तर देताना घर अडखळलं तर ते घर या मुलासाठी नाही. खाण्याचंही तसंच. बोंबील-मटणावर वाढलेल्या पोराला कडक शाकाहारी घर चालू शकतं, पण त्यानं बाहेर खाल्लं म्हणून त्याला विटाळ मानणार असतील तर चालणार नाही.

दोघांना एकत्र ठेवायचं का, हाही प्रश्न विचारला जातो. भावंडं शक्यतो एकाच कुटुंबात ठेवावीत, त्यांचं हित वेगळं ठेवण्यात असेल तरच अपवाद करावा, असं कायदा सांगतो. बहीण भावाची आई होऊन बसली आहे, एवढ्या कारणावर त्यांना तोडत नाहीत. एक भावंड दुसऱ्याला इजा करत असेल, लैंगिक त्रास देत असेल, तर गोष्ट वेगळी.

आदेश देते बाल कल्याण समिती: अध्यक्ष आणि चार सदस्य. कार्यकर्तीचा अहवाल, कुटुंबाचा अहवाल, मुलांचं म्हणणं तिच्यापुढे येतं. दोन उत्तम कुटुंबं हात जोडून उभी आणि समिती त्यातून निवडतेय, असं चित्र आपण इथं समजण्यासाठी रंगवलं. प्रत्यक्षात समोर बहुधा एकच कुटुंब असतं, कधी तेही नसतं. इंग्लंडसारख्या देशातही रात्री तातडीनं मूल घराबाहेर काढावं लागलं, तर जिथं खाट मोकळी तिथं ते जातं आणि जुळणीचा विचार नंतर होतो. अशा वेळी प्रश्न बदलतो: हे एकमेव घर, त्याच्या उणिवांसकट, बालगृहापेक्षा या मुलाला बरं का? संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा हे कायद्याचं तत्त्व. पण चुकीच्या घरात गेलेलं मूल चार महिन्यांत परत आलं तर त्याला आणखी एकदा टाकून दिल्यासारखं होतं, आणि जितकी घरं मोडली तितकं पुढचं घर टिकणं कठीण.

मग योग्य घराची वाट पाहत राहावं का? त्यालाही किंमत आहे. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० नंतर १३६ तान्ह्या-लहानग्यांचा अभ्यास झाला. सगळी अनाथालयातली, निम्म्यांना सोडत काढल्याप्रमाणे फॉस्टर कुटुंबांत पाठवलं. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि माणसांशी जोडलं जाण्याची क्षमता, दोन्ही संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस निघाली आणि जी मुलं वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आत गेली त्यांना जास्त फायदा झाला. आपली भावंडं मोठी आहेत, त्यांचं गणित अगदी तेच नाही. पण फाइल टेबलावर पडून राहते तेव्हा मुलाचं वय थांबत नाही, एवढं कुणालाही कळावं.

ठरलं तरी मुलं लगेच बॅग घेऊन निघत नाहीत. पहिली भेट बागेत किंवा बालगृहाच्या अंगणात, खेळता खेळता. ती चहापोह्यांची बैठक होऊ द्यायची नाही. मुलाला नटवून समोर बसवलं की त्याला कळतं, आपल्याला पारखतायत. मग एक दुपार त्या घरी, मग शनिवार-रविवार. पोरगा दुसऱ्या मुक्कामाला अंथरुणात लघवी करतो आणि बाई काही न बोलता चादर बदलतात, तेव्हा साऱ्या अहवालांत नसलेली माहिती मिळते. मुलीला परतल्यावर विचारतात. तिचं एकच म्हणणं असतं: "त्याला मीच आंघोळ घालणार." ठीक आहे, पहिले काही महिने तूच घाल.

कायद्यानुसार त्यानंतर दर महिन्याला समितीनं घराची पाहणी करायची असते. वजन, शाळेची हजेरी, डॉक्टर हे तर बघायचंच. पण मूल हट्ट करायला लागलंय का, हेही बघायचं. सुरुवातीचे काही आठवडे बहुतेक मुलं अतिशय शहाण्यासारखी वागतात. मग एके दिवशी ताट भिरकावतात आणि कुटुंब घाबरून फोन करतं. पुष्कळदा ती प्रगतीची खूण असते, हे घर आपल्याला टाकणार नाही असं वाटल्याशिवाय मूल ताट भिरकावत नाही. या फोनला त्याच दिवशी कुणी उत्तर दिलं, तर घर टिकण्याची शक्यता बरीच वाढते. बाप सुटला की हेच सगळे प्रश्न त्याच्या घराबद्दल नव्यानं विचारले जातील, आणि मुलं परतली तरी अंबाजोगाईच्या घरी सुट्टीत जायला बंदी नसते.

प्रतिपालक व्हावंसं वाटत असेल तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी करा. आता ऑनलाइन नोंदणीचीही सोय आहे. जाताना घरातल्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, आधी विचारून जा. आणि शेवटचं भांडण कशावरून झालं होतं, ते आठवून ठेवा.